वर आलेलं पाकीट

"कुणाचा चेहरा कचऱ्यात टाकायचा नाही, सूनबाई. न्यायला कुणी आलं नाही तर आपण पोचवायचा. अनोळखी असला म्हणून काय झालं, दोन घटका आपल्या स्टुलावर बसून गेलाय ना!"

सासरे जाऊन वर्ष झालं, तरी हे शब्द वहिनीच्या कानात होते. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणे. फोटोचं दुकान आता नवरा बघायचा. पुढे काउंटर, भिंतीला आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि काळ्या पडद्यामागे ते स्टूल. न नेलेल्या फोटोंची पाकिटं पत्र्याच्या डब्यात असत. प्रत्येकावर सासऱ्यांच्या अक्षरात नाव आणि पत्ता.

वहिनीने नेम धरला. रोज सकाळी डबा पुसायचा आणि दर गुरुवारी दुपारचं आवरलं की वरचं एक पाकीट पोचवायचं. लांब फिरायला नको म्हणून तिने पाकिटं गल्लीवार लावली होती, जवळची वर, लांबची तळाशी.

पहिल्या गुरुवारी वर निघालं ते नदीपलीकडचं. आपलीच चूक झाली असेल, असं म्हणून ती गेली. दारात चपलांचा ढीग आणि आत एवढी माणसं असून चिडीचूप. रडून डोळे सुजलेली एक मुलगी पुढे आली. पाकीट उघडून तिने वहिनीचा हातच धरला.

"आईचा? आई सकाळीच गेली हो. घरात धड एक फोटो नाही, हेच बोलत होतो आत्ता. तुम्हाला कसं कळलं?"

पाकिटावर पत्ता होता, एवढंच सांगून वहिनी परतली.

दुसऱ्या गुरुवारी तळातलं पाकीट वर आलेलं. फोटो पावाच्या भट्टीवाल्याचा. भट्टी थंड, दारात तशाच चपला.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," नवरा हसला. "का देवाच्या पोस्टात नोकरी धरलीस?"

तिसऱ्या गुरुवारी एका मास्तरीणबाईंच्या दारातही तेच झालं, तेव्हा त्याचं हसू मावळलं. "तू आता जाऊ नकोस बाई," एवढंच म्हणाला.

रात्री वहिनी डब्यासमोर बसून राहिली. माणूस जातं म्हणून पाकीट वर येतं, की आपण पाकीट नेतो म्हणून माणूस जातं? चांगलं करायला निघालो आणि हातून भलतंच तर होत नाही ना?

चौथ्या गुरुवारची तिने वाटच पाहिली नाही. खरं काय ते बघायला बुधवारीच, डोळे मिटून, तळात हात घालून एक पाकीट ओढलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांचं. एका खोलीचं बिऱ्हाड. दारात चपलांचा एकच जोड होता. तो बघूनच तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, आहात ना?"

"आहे की! नसायला काय झालं?" छताला मिटलेल्या छत्र्या वटवाघळांसारख्या लटकत होत्या. त्यांच्या खालून एक वाळकुडा म्हातारा डोकावला. "मी आहे याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता बरं! बस. पांढरीफटक का पडलीस?"

त्या प्रश्नातल्या मायेने तिने सगळं सांगून टाकलं. काका छत्रीची काडी तारेने बांधत ऐकत राहिले. मग फोटो हातात घेतला.

"भांग बघ कसा सरळ आहे. तुझ्या सासऱ्यांनी स्वतः पाडला होता. त्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नाही." त्यांनी फोटो पाकिटात घालून परत दिला. "घेऊन जा. वर आला की ये. पण दुपारचं आवरून नको. फोटो उशिरा आला तरी चालेल पोरी, तू लवकर ये. माझ्या दारात चपलांचा ढीग व्हायचा नाही."

"येईन," वहिनी म्हणाली.

घरी येऊन तिने ते पाकीट तळाशी ठेवलं, डब्याला सुतळीची गाठ मारली आणि वर फोटो कापायचं लोखंडी यंत्र ठेवलं. गुरुवारी गाठ सोडून, क्रमाने वर असलेलं पाकीट देऊन यायची. माणसं धडधाकट भेटायची, जुना फोटो बघून हसायची, बसा म्हणायची. असे पाच गुरुवार गेले. तिला वाटू लागलं, संपलं असेल.

सोमवारी सकाळी ती डबा पुसायला गेली. यंत्र जागच्या जागी होतं. गाठही तिचीच. तरी हात थबकला. सुतळी सोडून तिने झाकण उघडलं.

सगळ्यात वर काका. फोटो पाकिटाबाहेर अर्धा आलेला, सरळ भांग, नजर थेट तिच्याकडे.

"अगं, गिऱ्हाईक आलंय," नवऱ्याने पडद्यामागून हाक मारली. "पावडर-कंगवा दे त्यांना."

"कंगवा मी नेतेय," वहिनी म्हणाली. "तुमचा द्या."

तिने गिऱ्हाइकाला "बसा हं" म्हटलं, आरशाची दोरी सोडली, कंगवा पदराला पुसून पाकिटासोबत पिशवीत ठेवला. अजून नऊही वाजले नव्हते. पायात चपला सरकवून ती आवाज न करता पायऱ्या उतरली आणि छत्रीवाल्या काकांच्या गल्लीकडे चालू लागली.