मशीनबरोबर आलेलं गाव

मशीनवालीच्या सासूबाईंना कोणी विचारलं, की हल्ली तुम्ही काय करता, तर त्या बिनदिक्कत सांगायच्या, "सुनेच्या दुकानात मशीन तापवते." ऐकणारा गोंधळायचा. त्याला वाटायचं, इस्त्रीचं दुकान असेल. सून तर गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून द्यायची: गिऱ्हाइकाला हवा तो प्रोसेसर, त्याच्या खिशाला झेपेल ते ग्राफिक्स कार्ड, पंखे, डबा, सगळं हातानं बसवून. तिचा एक नियम होता. जोडलेलं मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी दिवसभर दुकानात जोरात चालवायचं, चांगलं तापू द्यायचं. एखादा भाग कच्चा असेल तर तो आपल्या डोळ्यांदेखत जळू दे, गिऱ्हाइकाच्या घरी नको. या कामासाठी बाकीचे लोक एखादा प्रोग्रॅम लावून चहाला जातात. मशीनवाली सासूबाईंना बसवायची.

सुरुवात कटकटीतून झाली होती. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासूबाईंना घरात करमेना, आणि त्यांना करमलं नाही की घरातल्या कुणाचीच धडगत नसे. नळ का ठिबकतो, चपला अशा का काढल्या, दार एवढ्या जोरात का लावलं. शेवटी सुनेनं त्यांना एक दिवस दुकानात नेलं, नव्या मशीनसमोर बसवलं आणि गाव वसवायचा एक फुकट मिळणारा खेळ लावून दिला. घरात शांतता नांदावी एवढाच तिचा हेतू होता. पण सासूबाई त्या गावात जाऊन बसल्या त्या बसल्याच.

आधी एक तळं, चार घरं आणि मातीचा रस्ता होता. मग शाळा आली, दवाखाना आला, टेकडीपलीकडे दुसरी वस्ती आली. चौक आले आणि प्रत्येक चौकात एक वाटोळं वाहतूक बेट आलं, कारण माणसांना रस्त्यात थांबायला लावणं सासूबाईंना मुळीच पटत नसे. तळ्याकाठी एका गल्लीच्या टोकाला त्यांनी स्वतःसाठी लहानसं घर बांधलं. गावात इतकी माणसं झाली, की त्यांची ये-जा सांभाळताना कसलंही दांडगं मशीन धापा टाकायचं. म्हणजे सुनेचं कामही फत्ते. संध्याकाळी गाव पेनड्राइव्हवर घ्यायचं, पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकायचा आणि पुढच्या ऑर्डरीचं मशीन तयार झालं की त्यात पुन्हा गाव उतरवायचं, असा त्यांचा परिपाठ होता. स्वतःचं मशीन त्यांनी कधी मागितलं नाही. दुकानात रोज नवं कोरं मिळत असताना मागायचं तरी कशाला?

मग ऑर्डरी आटल्या. ग्राफिक्स कार्ड आणि मेमरीचे भाव अस्मानाला भिडले, कारण बड्या कंपन्यांची हजारो मशीन कोंबलेली सर्व्हरघरं सगळा माल आधीच उचलत होती. कुणी टीव्हीखाली ठेवायचा कन्सोल घेऊन मोकळं झालं. कुणी तोही घेईना. महिन्याची वर्गणी भरली की कंपनीच्या दूरच्या मशीनवर खेळ चालायचा आणि नुसतं चित्र घरच्या पडद्यावर यायचं. ना आवाज, ना धूळ, ना उष्णता. मशीनवालीनं स्वतः ते वापरून पाहिलं आणि वाईट आहे असं काही तिला म्हणता येईना. उगाच नावं ठेवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. त्याच कंपनीनं तिला सर्व्हरघरात नोकरी देऊ केली, तेव्हा तिनं जवळजवळ होकार दिला. दुकानाचं शटर लवकरच कायमचं खाली येणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

राहता राहिला सासूबाईंच्या गावाचा प्रश्न. नवं मशीन येत नाही तर गाव उतरवायचं कुठे? सुनेनं मोठ्या उत्साहानं त्यांना वर्गणी भरून दिली, गाव कंपनीकडे चढवून दिलं आणि घरातल्या टीव्हीवर लावून दाखवलं. आता पेनड्राइव्ह हरवायची भीती नाही, आई, असंही सांगितलं. आणि मग या धंद्यातल्या माणसाला जी खोड असते ती नडली. मोकळा पेनड्राइव्ह दिसला की यांचे हात शिवशिवतात. कुणाचंतरी मशीन दुरुस्तीला आलं होतं. तिनं टेबलावरचा तोच पेनड्राइव्ह पुसला आणि त्यावर विंडोज भरून घेतलं.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. एका सकाळी सासूबाईंनी टीव्ही लावला तर गावाच्या जागी दोन ओळी आल्या: हा खेळ आता आमच्या सेवेत उपलब्ध नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. त्यांनी टीव्ही बंद करून पुन्हा लावला. मग सुनेला बोलावलं. सुनेनं आपल्या मेलमध्ये शोधलं तर जाहिरातींच्या गठ्ठ्यात कंपनीची सूचना पडली होती. गाव उतरवून घ्यायची मुदत संपून गेली होती. तिनं कंपनीला फोन केला, आपण लवकरच तुमच्याकडे रुजू होणार आहोत हेही सांगून पाहिलं. पलीकडच्या माणसानं गोड आवाजात काखा वर केल्या. खेळ काढला की त्यातलं सगळं पुसलं जातं, अटींमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे म्हणे.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नळ ठिबकत होता आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा सुनेला रडूच फुटलं. म्हाताऱ्या माणसाचं एवढं मोठं गाव आपण आपल्या हातानं नेऊन परक्याच्या गोठ्यात बांधलं आणि वर शहाणपणा शिकवला, हे तिला सहन होईना. ती म्हणाली, "आई, मला माफ करा. माझ्यामुळे गेलं."

सासूबाईंनी टीव्हीचं बटण बंद केलं. मग चोरटेपणानं म्हणाल्या, "सगळं नसेल गेलं. पण तू ओरडणार नसशील तर सांगते."

"काय केलंत?"

"तू मशीन पुसून पुसून कोरं करायचीस ना, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी? आणि मग बिल करायला बाहेर जायचीस. तेवढ्यात मी खेळासकट गाव परत टाकायची. प्रत्येक मशीनमध्ये. रिकामं घर कुणाला देऊ नये असं वाटायचं."

मशीनवालीनं कपाळाला हात लावला. कोरं, स्वच्छ, एकही फालतू फाइल नसलेलं मशीन हा तिचा अभिमान होता, आणि तिच्या पाठीमागे तिची सासू त्या प्रत्येक मशीनमध्ये अख्खं गाव कोंबून पाठवत होती. पण ओरडायची ही वेळ नव्हती. तिनं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले, अगदी अलीकडच्यांपासून. एकानं मशीन विकून कन्सोल घेतला होता. एकानं पहिल्याच दिवशी सगळं पुसून आपल्या पद्धतीनं बसवलं होतं. या जातीच्या लोकांना तेवढाच आनंद असतो. एकीला ते कुठल्यातरी व्हायरससारखं वाटलं म्हणून तिनं उडवलं होतं. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक फोननंतर फक्त मान हलवत होत्या. शेवटी दाताच्या डॉक्टरीणबाई सापडल्या. त्या म्हणाल्या, मुलांना आम्ही कन्सोल घेतलाय, तुमचं मशीन बाबांच्या खोलीत आहे, ते काय करतात देव जाणे, तुम्हीच येऊन बघा.

डॉक्टरीणबाईंचे वडील निवृत्त वाहतूक पोलीस होते. सगळा जन्म चौकात उभं राहून काढलेला माणूस, आवाज अजून शिट्टीसारखा. त्यांच्या खोलीत खाटेजवळ मशीन चालू होतं आणि डबा धुळीनं असा माखला होता, की मशीनवालीनं नमस्कार करण्याआधी पिशवीतून ब्रश काढला. सासूबाई मात्र सरळ पडद्याजवळ गेल्या. तळं होतं. टेकडी होती. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. कारण पुढच्याच क्षणी त्यांना चौक दिसला.

"माझं बेट कुठं गेलं?" त्या म्हणाल्या.

"ते तुम्ही केलं होतं?" पोलीसकाका खुर्चीत ताठ झाले. "बाई, एवढ्या रहदारीच्या चौकात बेट? मी सगळीकडे सिग्नल बसवले. दोन वर्षं मी ज्या माणसाला शिव्या घालतोय तो तुम्हीच तर!"

दोघांची चांगलीच जुंपली. मशीनवाली मध्ये पडली आणि तिनं काकांना विचारलं, की हे गाव आपलं नाही हे कळल्यावरही तुम्ही ते पुसलं कसं नाही. काकांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "पुसायचं कशाला? मला वाटलं, मशीन घेतलं की बरोबर गाव मिळतंच. नातवंडांचा तो नवा डबा आला तेव्हा मी आधी तेच शोधलं. दुकानदाराला फोनही केला, की तुमच्या डब्यात गाव नाही म्हणून. तो हसला मेला."

मशीनवाली हसली नाही. एवढी वर्षं ती गिऱ्हाइकांना मशीनचा वेग सांगत आली होती, पंखे किती, मेमरी किती, चित्र किती गुळगुळीत. आपण विकतो त्यात आणखी काही असतं, आणि ते कुणीतरी जपतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिला एकदम फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

तोवर सासूबाई तळ्याकाठच्या गल्लीत पोचल्या होत्या. टोकाचं लहानसं घर जागेवर होतं. त्याच्यासमोर काहीतरी नवं होतं, छप्पर आणि बाकडं.

"हे काय?"

"बसथांबा," काका म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "त्या घराकडे कुठलीच गाडी जात नव्हती. आत राहतं कोण माहीत नाही, पण म्हटलं एकटं माणूस असेल तर जायचं-यायचं कसं?"

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. सिग्नलबद्दल त्या त्यानंतर तासभर काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजावं.

निघायच्या वेळी मशीनवालीनं नवा पेनड्राइव्ह काढला. सासूबाईंनी तिचा हात धरला. नक्कल घेऊ नकोस, त्या म्हणाल्या; घेतली की त्यांचं गाव वेगळं आणि माझं वेगळं होईल, आणि मग सिग्नलवरून भांडायचं कुणाशी? काकांनीही मान डोलावली. अर्धं गाव आता माझं आहे, ते परस्पर जाता कामा नये, असं त्यांनी बजावलं. दोघंही असं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर मशीनवाली खाटेच्या कडेला टेकली आणि विचार करू लागली. हा विचार ती हौसेनं करत होती. किती महिन्यांनी तिला कुणीतरी डोकं चालवायचं काम सांगितलं होतं.

ती म्हणाली, की दुकानात एक मशीन कायम चालू ठेवता येईल. गाव इथून हलवून त्यात ठेवू, एकच. काका घरच्या टीव्हीवर बघून खेळतील, नातवंडांच्या कन्सोलशेजारीच. आई जुन्या लॅपटॉपवर. पाळी ठरवून घ्या, सकाळी एकानं, दुपारी दुसऱ्यानं.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे ते कंपनीचं होतं तसंच की. दूरचं मशीन आणि इकडे चित्र."

"तसंच," सून म्हणाली. "फक्त या वेळी कुलूप आपलं आणि चावीही आपलीच. मशीन बंद पडलं तर मला येऊन बोला."

"ते तर मी बोलेनच," सासूबाई म्हणाल्या.

मशीन दुकानात उरलेल्या सुट्या भागांतूनच उभं राहिलं. जुन्या पिढीचं कार्ड, धापा टाकायचं, पण गाव ओढून न्यायचं. सकाळी सासूबाई एक सिग्नल काढून बेट करायच्या, दुपारी काका बेट काढून सिग्नल बसवायचे, आणि मधल्या वेळात दोघं फोनवर एकमेकांना रहदारी शिकवायचे. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्या प्रत्येकाला ऐकवलं. मग माणसं यायला लागली. कुणाचे फोटो कंपनीकडे अडकले होते, कुणाच्या मुलांचा आवडता खेळ एका रात्रीत गायब झाला होता, कुणाला घरातल्या सगळ्या पडद्यांसाठी मिळून एकच मशीन माळ्यावर ठेवायचं होतं. झुंबड उडाली असं म्हणणं खोटं होईल. पण मशीनवालीच्या टेबलावर पुन्हा पेचकस, सुटे पंखे आणि अर्धवट उघडा डबा दिसू लागला, आणि शटर उघडताना तिला कारण शोधावं लागेना.

नोकरीबद्दल कंपनीचा शेवटचा फोन आला तो अशाच एका दुपारी. पलीकडच्या माणसाला होकार हवा होता. तिनं नाही म्हणून सांगितलं. तो चकित झाला. लोक आता मशीन विकत घेणं सोडून देताहेत, ताई, हे त्यानं तिला चांगल्या मनानं समजावलं. तिलाही ते बऱ्यापैकी खरं वाटत होतं. त्याला फॉर्ममध्ये काहीतरी कारण भरायचं होतं. तिनं मागे वळून पाहिलं. सासूबाई लॅपटॉपवर ओणव्या होऊन, कानाला फोन लावून कुणाला तरी सांगत होत्या, की शाळेसमोर सिग्नल ठेवा हवा तर, तेवढं मी मान्य करते, पण बसथांब्याला हात लावायचा नाही.

"लिहा," मशीनवाली म्हणाली, "घरात माणसं वाढलीत."