गुडघे टेकायची फळी

त्या शेवटच्या साध्या दिवशी माझ्या सुतारानं मला मांडणीवरून खाली काढलं आणि अंगावरची धूळ फुंकली. "चल रे म्हाताऱ्या, हे काम यंत्राच्या बापाला जमायचं नाही."

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. कठीण लाकडाची काया, पोलादाचं पातं. आमच्या चर्चमधलं एकूण एक बाक माझ्याखालून गेलं आहे, आणि आजवर कुणाच्या गुडघ्याला कुसळ टोचलेलं नाही. विजेचं यंत्र आल्यावर मी बरीच वर्षं धूळ खात पडलो, पण माझा तोरा काही उतरला नाही.

त्या दिवशी समोर होती चर्चमधली गुडघे टेकायची फळी. तिच्यावर खोल ओरखडा पडला होता. सुताराची लेक माहेरी आली होती; ती चहा घेऊन आली.

"ओरखड्यात लांबीचा लगदा भरून टाका की, बाबा. वरून रंग लावला की कुणाला कळतंय?"

"हाताला कळतं. आपण माणसं माफ करतो ते असंच. खड्डा बुजवायचा, वरून रंग. हवा दमट झाली की लांबी फुगते, पुन्हा सगळं दिसायला लागतं. देव रंधा मारतो. मग ओरखडा शोधूनही सापडत नाही."

"पण लाकूड कमी होतं ना?"

"होतं तर! ते नुकसान त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. चर्चमधला तो क्रूस काय शोभेला ठेवलाय?"

"तुम्ही पाळकच व्हायचं होतं."

"मग पाळकांच्या खुर्च्या कुणी केल्या असत्या?"

दोघं हसली. मग माझ्यावरचा त्याचा हात थांबला. "तुझ्या लग्नाला मी आलो नाही, पोरी. हट्टाला पेटलो होतो."

"जाऊ द्या हो, बाबा." दर वेळी ती एवढंच म्हणायची. कप उचलून ती आत गेली.

मला तोंड असतं तर सांगितलं असतं, की लग्नाच्या दिवशी तो इथंच, कामाच्या खोलीत होता. दार लावून एकच फळी रंधत राहिला, ती कागदाएवढी पातळ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सुतार उठलाच नाही.

दफन झाल्यावर लेकीची आत्या म्हणाली, "यंत्र ठेव गं. हा ठोकळा कशाला?"

"तो बाबांचा हात आहे, आत्या," लेक म्हणाली आणि तिनं मला तेल लावलं. मित्रांनो, घरातल्या जुन्या हत्याराला असं तेल द्यावं, आणि जवळच्या माणसाशी बोलायचं ते तो समोर असतानाच बोलावं. गंज दोन्हीकडे चढतो.

मग तिनं मला त्या अर्धवट फळीवर चालवलं. आधी लाकडाच्या रेषांच्या उलट दिशेनं, मी अडकलो. फळी फिरवून पुन्हा चालवलं. ओरखडा उथळ झाला, पण गेला नाही. तिनं लांबी कालवली, भरली, अंगठ्यानं सारखी केली आणि त्यावर तळहात ठेवला.

"बाबा, देवासारखा रंधा मला नाही मारता येत. ही लांबीच आहे. पण मी माफ केलंय तुम्हाला. फुगली, तर पुन्हा भरीन."