पिवळ्या वायरींची वाट

“अक्का, पिवळी वायर बोलण्याची, निळी वायर कामाची. दोन्हीची पेटी एक करू द्यायची न्हाय. कितीबी मोठा साहेब येऊ द्या, न्हाय म्हंजी न्हाय.”

शरणबसप्पा डेअरीतली वायरमनची नोकरी संपवून सीमेपलीकडं आपल्या गावी गेले, त्याला दीड वर्ष झालं. पण वायरींच्या कपाटाची दुसरी किल्ली हातावर ठेवताना ते जे बोलले, ते शिवप्रियाच्या कानातून गेलं नव्हतं.

कळंबच्या बाहेर एका खासगी डेअरीच्या कचेरीत ती फोनवर बसायची. चाळीस गावांत कुणाची गाय-म्हैस अडली की फोन तिच्याकडं यायचा आणि ती डॉक्टरांची गाडी धाडायची. कचेरीतले फोन आता नेटच्या वायरीवर चालायचे. ते बसवताना शरणबसप्पांनी तिला समजावलं होतं, “उसाच्या ट्रॉल्यांमागं ॲम्ब्युलन्स अडकती बघा, तसं हे. फाईल दोन मिनिटं उशिरा आली तरी फाईलच राहती. शब्द उशिरा आला की त्यो शब्द राहत न्हाय.” म्हणून कपाटात दोन पेट्या. वरच्या पेटीत फक्त फोनच्या सहा पिवळ्या वायरी आणि तिचं बाहेरचं कनेक्शनही निराळं. खालच्या पेटीत कॉम्प्युटर, कॅमेरे आणि बाकीचा सगळा बाजार. शिवप्रियाला हे पटायला वेळ लागला नाही. तिच्या घरी इष्टलिंगाच्या पूजेचा तांब्या निराळा असायचा. त्यातलं पाणी चहाला कुणी घेत नसे.

तिचे रोजचे नेम दोन. पूजेआधी पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि दिवसभरात कुणाला टाकून बोलायचं नाही. रणधीर साहेब मॅनेजर होऊन आल्यापासून हा दुसरा नेम फार जड जात होता. नेम जिभेचा होता, मनाला तो लागू नव्हता. आणि मन काही गप्प बसत नव्हतं.

साहेबांनी आल्या आल्या केबिनच्या भिंतीवर भलामोठा पडदा लावून घेतला. त्यात कॅमेऱ्यांच्या सोळा चौकटी. गेट, कॅन धुण्याची जागा, जिना, पुन्हा गेट. त्यातल्या तीन चौकटींत एकच कुत्रं तीन बाजूंनी झोपलेलं दिसायचं. येईल त्या पाहुण्याला साहेब हे दाखवायचे आणि पाहुणा ‘वा वा’ म्हणायचा. चहा संपेपर्यंत दुसरं म्हणणार तरी काय! पण चित्र मधूनच अडकायचं, कुत्र्याची शेपटी अर्ध्यावर थांबायची. ते साहेबांना सोसेना.

एक दिवस त्यांनी कपाट उघडलं. वरच्या पेटीकडं बोट करून म्हणाले, “ही तर आळशी पडलीय! सहा वायरींसाठी अख्खं कनेक्शन?”

“साहेब, ती वाट बोलण्यासाठी मोकळी ठेवल्याली हाय,” शिवप्रिया हळूच म्हणाली.

“मोकळी म्हणजे वाया. सध्या सगळं एकाच वायरीतून जातं, बाई. तुम्ही काय, वायरींचंही सोवळं पाळता?”

मागं उभे असलेले दोन कारकून हसले. साहेबांनी पिवळ्या वायरी उपटून खालच्या पेटीत कोंबल्या आणि वरची पेटी, कनेक्शनसकट, पडद्याला देऊन टाकली. कुत्र्याची शेपटी सुरळीत हलू लागली. शिवप्रिया मान खाली घालून जागेवर बसली. देवानं ह्या माणसाला डोळे सोळा दिले, कान मात्र एक द्यायचाही राहून गेला.

त्या दिवसापासून फोन तुटू लागले. सकाळी दूध संकलन केंद्रांचे आकडे कॉम्प्युटरवर यायला लागले की माणसाचा आवाज बारीक बारीक तुकड्यांनी यायचा. तिनं तीन अर्ज दिले. दोन तसेच पडून राहिले. तिसऱ्यावर साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला, ‘ग्रामीण भागातील लोकांनी स्पष्ट बोलावे.’ वर एक सूचना भिंतीला चिकटवली: कामाच्या जागी मोबाईल बंद, टेबलाच्या खणात ठेवावेत. डेअरीची शिस्त!

मग एका बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. बाईचा आवाज. “म्हस...” आणि मग नुसती खरखर. गावाचं नाव आलंच नाही. शिवप्रियानं उलट फोन लावला, तोही तुटला. पुन्हा लावला. शेवटी ती खणातला मोबाईल घेऊन व्हरांड्यात धावली. ईट गावची हरणाबाई होती ती, शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत होती. तोवर पाऊण तास गेला होता आणि डॉक्टरांची गाडी दुसऱ्या टोकाला, तेर गावी गेली होती. गाडी ईटला पोचली तेव्हा म्हैस वाचली, रेडकू गेलं.

चौथ्या दिवशी हरणाबाई स्वतः कचेरीत आली. साठीची बाई, पदर कमरेला खोचलेला. सरळ केबिनमध्ये गेली. शिवप्रिया दारात उभी राहिली.

“आजी, तुमच्या गावात रेंज नसेल,” साहेब पडद्याकडं बघत म्हणाले.

“रेंज हुती की. त्याच फोनवरनं लेकीशी बोलले. ती रडल्याली सुदिक ऐकू आली.”

“मग तुम्ही घाबरून नीट बोलला नसाल.”

“व्हय साहेब. म्हस अडली की मी जरा घाबरते. तुमाला सवय आसंल.”

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी पडद्याकडं हात केला. “हे बघा आजी, सगळ्या डेअरीवर लक्ष आहे आमचं.”

हरणाबाईनं सोळाही चौकटी एकेक करून बघितल्या. “ह्यात माजी म्हस कुटं हाय?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर आली.

शिवप्रिया तिच्यामागं फाटकापर्यंत गेली. “तुमची दुसरी म्हस कधी व्यायची, आत्या?”

“सोमवार-मंगळवार. तीबी पयलारू हाय, पयल्यांदाच व्यायची.” हरणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. “पुन्ना फोन करू का नगं, तेवडं सांगा.”

“करा. सोमवारपासनं तुमचा फोन तुटणार न्हाय.”

“कशाला शबूद देता बाई? तुमचा साहेब लई मोठा हाय.”

शिवप्रिया काहीतरी बोलणार होती. ओठांवर आलेलं नेमानं परत पाठवलं. “तुम्ही फोन करा,” एवढंच म्हणाली.

सोमवारी ती रोजच्यापेक्षा तासभर आधी उठली. पूजा केली, तीर्थ घेतलं, भाकरीचा तुकडा खाल्ला. मग एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘फोनच्या सहा पिवळ्या वायरी वरच्या पेटीत परत लावल्या आहेत. पडद्याची वायर खालच्या पेटीत लावली आहे. हे मी केलं आहे.’ खाली सही, तारीख. वायरी बदलून झाल्या की हा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता. चोरून करायचं काम नव्हतं ते. तसंही कपाटासमोरचा कॅमेरा तिला टिपणारच होता. टिपू दे. त्या पडद्याला एक दिवस तरी बघण्यासारखं काही मिळेल.

कपाटाची किल्ली तिनं कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. दार ओढून घेतलं, चपला घातल्या आणि डेअरीच्या रस्त्याला लागली.