नसलेला उंबरा

रांग देवळाच्या मोठ्या दरवाजातून बाहेर पडून, जुन्या कोटाच्या भिंतीला वळसा घालून, भांड्यांच्या दुकानांवरून थेट बसथांब्यापर्यंत आली होती. तिचं शेपूट शोधण्यातच लिफ्टवाल्याची निम्मी हौस संपली. कोपरात आईचा हात अडकवलेला. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू पुसत नेली होती; आता उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते तिला कळायचं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोर झिजला असेल तर मालकाला तोंडावर सांगायचा, आणि स्वतः वरखाली फिरून पाहिल्याशिवाय 'चालू करा' म्हणायचा नाही. धंद्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. असल्या माणसानं त्या दुपारी जे केलं ते का केलं, असं कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, आईच्या पायांसाठी. तिचे पाय सुजायचे हे खोटं नव्हतं. पण खरं कारण त्याहून क्षुल्लक होतं. त्याला कंटाळा आला होता. ऊन होतं, भूक लागली होती, आणि रांग काही केल्या हलत नव्हती.

"आई, चल. बाजूच्या दरवाजानं गर्दी नाही म्हणतात."

बाजूच्या दरवाजानं गर्दी नव्हती, कारण तिथून देवाकडे वाटच जात नव्हती. ती जात होती लांबलचक दगडी ओवरीत. तिथं ओळीनं लहान लहान कोनाडे आणि खोल्या, प्रत्येकात एकेक धाकटा देव, ज्याला कुणी फारसं विचारत नाही असा. त्यातल्या टोकाच्या खोलीत समई तेवत होती. एक झाडणारी बाई केरसुणी घेऊन कोपऱ्यात बसली होती, एवढंच. लिफ्टवाल्यानं मागंपुढं पाहिलं आणि म्हणाला, "आलं बघ. हाच गाभारा."

"इतक्यात?" आई थबकली. "अरे, तुझी ताई तर म्हणत होती दिवस मोडतो. आणि उंबरा? गुडघ्याएवढा उंच उंबरा आहे म्हणाली होती."

त्या खोलीला उंबरा नव्हता. फरशी ओवरीतून सरळ आत गेली होती. आणि लिफ्टवाला, दोराच्या एका तुटक्या तारेवरून मालकांशी भांडणारा हा माणूस, म्हणाला, "हो हो, समोरच आहे. पाय उचल. अजून. हां, टाक आता."

सत्तरीच्या बाईनं पातळ जरा वर धरलं, त्याच्या खांद्यावर भार दिला आणि एकेक पाय चांगला उंच उचलून, नसलेला उंबरा ओलांडला. कोपऱ्यातली बाई बघत राहिली. लिफ्टवाल्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"केवढी आहे रे मूर्ती?"

"मोठी आहे. मान वर करावी लागते."

आईनं मान वर केली. मूर्ती वीतभर होती, खाली चौथऱ्यावर. आई वरच्या कोऱ्या भिंतीकडे हसऱ्या तोंडानं बघत, हात जोडून, कितीतरी वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. कुणी ढकललं नाही, कुणी हटकलं नाही. बाहेर आल्यावर तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सोनं केलंस बघ माझ्या जन्माचं."

त्यानं पोटभर खाऊन घेतलं. म्हणजे खायला बसला. घास तोंडात फिरत राहिला.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. पंखा खडखडत होता. खाली गल्लीत तांबट ठोकठोक करत होते. ताईचा फोन आला तेव्हा आईच्या बोलण्याला नुसता पूर आला. "अगं, गर्दीच नव्हती! गार गार वाटत होतं आत. उंबरा मात्र उंच हो, तू म्हणालीस तस्साच. मूर्ती बघून डोळे निवले." डोळे निवले म्हणाली. लिफ्टवाला उठून उगाचच खिडकी उघडू लागला. ती आधीच उघडी होती.

फोन तिनं उशाशी सारला. मग म्हणाली, "आज एका ओझ्यातून सुटले. तुला कधी बोलले नाही. तुझे बाबा जायच्या आधी म्हणाले होते, 'मी आयुष्यभर पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. आता माझं होत नाही. तू जाशील तेव्हा माझा नमस्कार सांग.' मी म्हटलं, सांगेन. मग माझेच डोळे गेले. वाटायचं, आता हे राहतंच. आज सांगितला बाई. नाव घेऊन, गाव सांगून. पोचला."

बापाचा शेवटचा निरोप, आणि तो लिफ्टवाल्यानं भलत्याच दारात टाकायला लावला होता. तेही दुपारची भूक आवरेना म्हणून. त्याला स्वतःची किळस आली. सांगून टाकावं, असं दोनदा जिभेवर आलं. पण आईचा चेहरा बघून दोन्ही वेळा त्यानं ते मागं घेतलं. ती कधी नव्हे ती लगेच झोपली. तो मात्र पंख्याकडे बघत पडला.

सकाळी त्यानं ठरवलं. चुकलेलं काम पुन्हा करायचं. धंद्यात तरी दुसरं काय करतो आपण?

"आई, चल, आज परत जाऊ."

"परत कशाला? देव काय पळून चाललाय? पाय बघ माझे."

"काल माझा नमस्कार नीट झाला नाही. माझ्यासाठी चल."

आईला लेकासाठी म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. तिनं चपला चाचपल्या.

या खेपेला तो रांगेच्या शेवटी मुकाट्यानं उभा राहिला. भांड्यांची दुकानं आली, गेली. मग शिंप्यांची, मग कोटाच्या भिंतीची अरुंद सावली, आणि मग लोखंडी कठडे. कठड्यांच्या आत हवा कोंडलेली. मागच्याची पिशवी आईच्या पाठीत, पुढच्याचं पोर तिच्या पायावर. आई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. "काल किती छान होतं रे," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्यानं नुसतंच तिचं कोपर घट्ट धरलं. करावे तसे भरावे म्हणतात. पण इथं केलं होतं त्यानं आणि भरत होती ती.

गाभाऱ्यापाशी पोचले तेव्हा एकदम लोंढा सुटला. "चला, चला, पुढे चला, थांबू नका!" रखवालदार हातांनी माणसं पुढं लोटत होते. लोक अडखळून पडू नयेत म्हणून त्या प्रसिद्ध उंबऱ्यावर फळ्यांचा उतार टाकला होता. आई त्यावरून सरकत आत गेली, तशीच सरकत बाहेर आली. मध्ये कधीतरी लिफ्टवाला ओरडला, "अहो, तिला दिसत नाही, क्षणभर उभं राहू द्या!" कुणाला ऐकू गेलं नाही. कुणाचं तरी ढोपर लागू नये म्हणून तो तिच्याभोवती दोन्ही हातांचं कडं करून चालला होता. बाहेरच्या उन्हात आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण मूर्तीकडे बघितलंच नाही. आणि बाबांचा नमस्कार, जो आज तरी आपण आपल्या तोंडानं सांगायचा असं घोकत आलो होतो, तोही राहिला.

"आलं का?" आईनं विचारलं.

"झालं, आई."

"झालं?" ती उभीच राहिली. मग तिचा आवाज चढला. "काहीतरीच! उंबरा कुठं होता? भलत्याच दारानं नेलंस तू मला. बाईमाणसाला नुसती धक्काबुक्की, आणि म्हणे देव. तुझ्या ध्यानात नाही राहिलं बघ कालचं दार. बरं झालं, त्यांचा निरोप कालच सांगितला. आजवर राहिला असता तर गेलाच होता."

खरं दार त्यानं दाखवलं, ते खोटं ठरलं. आता 'कालचंच खोटं होतं' म्हणावं, तर आजची ही ढकलाढकली तिच्या जन्माची कमाई ठरणार, आणि बाबांचा निरोप कायमचा हवेत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अशी लिफ्ट भेटली होती जी वरही नेता येत नव्हती आणि खालीही.

"कालच्या ठिकाणी ने," आई म्हणाली. "जाताना एकदा पाया पडू दे."

ओवरी तशीच रिकामी होती. टोकाच्या खोलीत तीच समई, तीच बाई. आईला केरसुणीचा आवाज आला. "काय हो बाई, आज इथं गर्दी नाही?"

बाईनं आधी लिफ्टवाल्याकडे बघितलं, बराच वेळ. मग आईकडे.

"नसते हो इथं गर्दी," ती म्हणाली. "या. सावकाश होऊ द्या."

आईनं आपणहून पाय उंच उचलला. एक, मग दुसरा. आत जाऊन तिनं मान वर केली, आणि तिचा चेहरा कालच्यासारखा उजळला. "हां," ती म्हणाली. "हे."

लिफ्टवाला तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. वीतभर मूर्ती आता त्याच्या डोळ्यांसमोर आली. झिजलेली, नाक जवळजवळ गेलेलं. डोळे भरून आल्यामुळे ती त्याला नीट दिसेना. तो अगदी हळू बोलला. "माझं चुकलं. तिला कळू देऊ नका. आणि पलीकडच्या गाभाऱ्यातले तुमच्या ओळखीचे असतील. माझ्या वडिलांचा नमस्कार तेवढा त्यांच्याकडे पोचवा. इतकी वर्षं राहिला होता."

"काय मागितलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही. एक निरोप दिला."

"पोचेल," आई म्हणाली. "इथं सांगितलेलं पोचतं."

तिनं हात पुढं केला. त्यानं तो कोपरात अडकवून घेतला. दाराशी आल्यावर ती म्हणाली, "जपून रे, उंबरा." तिनं पाय उचलला. मग बाईच्या देखत, सपाट फरशीवर, त्यानंही आपला पाय उंच उचलला.