पिवळं पुढे, निळं मागे

थोरल्यांचा उजवा हात त्यांचा नव्हताच, तो कंपनीचा होता, असं त्यांची बायको म्हणायची. ते कुठल्याही दुकानात शिरोत, अगदी स्वतःसाठी दाढीचं ब्लेड घ्यायला का असेना, तो हात आपणहून फळीकडे जायचा, धुण्याच्या पावडरीचे पिवळे पुडे मागे ढकलायचा आणि निळे पुढे ओढायचा. तोंड तेव्हा हवापाण्याच्या गप्पांत रमलेलं असायचं. निळी पावडर थोरल्यांच्या कंपनीची. पिवळी धाकट्यांच्या.

थोरले आणि धाकटे हे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच शहरात, दुकानोदुकानी माल खपवण्याच्या एकाच धंद्यात, एकमेकांच्या उरावर. ही नावं सासूबाईंनी पाडलेली, ती पुढे बाजारातही चिकटली. धाकट्यांचा हातही त्याच शाळेत शिकलेला, फक्त उलटा धडा: पिवळं पुढे, निळं मागे. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातली फळी सकाळी एका रंगाची असायची आणि दुपारी दुसऱ्या. दुकानाच्या मालकीणकाकू म्हणायच्या, "दोघांनी मिळून माझ्या फळीचा सरडा केलाय!"

कंपन्यांचंही तेच. पिवळ्यांनी पुड्याबरोबर प्लास्टिकचा मग फुकट दिला की निळ्यांनी बादली द्यावी. पिवळ्यांनी पुडा मोठा केला की निळ्यांनी पावडर तेवढीच ठेवून पुडा फुगवावा. पिवळ्यांच्या जाहिरातीत निळा शर्ट घातलेला माणूस हमखास चिखलात पडायचा. सासूबाईंनी न्हाणीघरात दोन्ही पुडे ठेवले होते. जो जावई यायचा असेल त्याचा पुढे करायच्या. दोघे एकदम आले की दोन्ही पुडे पलंगाखाली.

एवढं करूनही खपात पिवळं चार पावलं पुढेच. तेव्हा थोरल्यांच्या मुख्य कचेरीतल्या डोकेबाज मंडळींनी तोड काढली. गिऱ्हाईक पुड्यावरचं वाचतं कुठे? रंग बघतं आणि उचलतं. मग आपणच पिवळं व्हायचं! नव्या पुड्यावर निळं उरलं ते फक्त कंपनीचं नाव, तेही बारीक अक्षरांत.

थोरल्यांना हे मुळीच रुचलं नाही. पण नव्या विभागप्रमुख मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "शुक्रवारी मी स्वतः बाजार बघणार. कोपऱ्यावरच्या दुकानात नजरेच्या उंचीवर आपलं नवं पिवळं हवं. जुनं निळं समोर दिसलं तर तुम्हाला जरा हवापालट करावा लागेल."

हवापालट म्हणजे पार दुसऱ्या टोकाच्या विभागात बदली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि थोरल्यांची बायको रोज सकाळी आईला हात धरून चालवायला जायची.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी आईला टाकून यायची नाही."

हे ती चिडून म्हणाली असती तर थोरल्यांना बरं वाटलं असतं. चिडणं उतरतं. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता, साध्या आवाजात म्हणाली होती.

शुक्रवारी दुकान उघडताच थोरले हजर झाले. नजरेच्या उंचीवरची फळी त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, नवे पिवळे पुडे शिपायांसारखे उभे केले. जुने निळे टाकून द्यायला काकू तयार नव्हत्या, म्हणून ते त्याच फळीवर पिवळ्यांच्या पाठीमागे दडवले. धाकट्यांचे पुडे बिचारे खालच्या फळीवर, गुडघ्यापाशी.

"कशा आहेत हो तुमच्या मॅडम?" काकूंनी विचारलं.

"पाहिलंय कुणी? आवाजावरून इस्त्रीच वाटतात. गरम."

"आणि धाकट्यांना ठाऊक आहे का, त्या यायच्यात ते?"

"त्यांना कशाला सांगू? ते मुद्दाम येऊन घोळ घालतील."

फळीला टेकून अशा बऱ्याच गप्पा झाल्या. मग थोरले चौकात येऊन चहाचा कागदी कप घेऊन बाकावर बसले. काम फत्ते झाल्याचं समाधान अंगभर पसरलं होतं. किती सफाईने हात चालला आज! बोलता बोलता पिवळे सगळे मागे ढकलले, निळे पुढे घेतले...

कप त्यांनी बाकावर टेकवला.

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. उठून धावणार, तोच समोर कंपनीची गाडी थांबली आणि मॅडम उतरल्या.

"आधी शेजारचं औषधांचं दुकान बघू या का?" थोरल्यांनी कसंबसं विचारलं.

"तिथे आपली पावडर मिळते?"

"नाही."

"मग?"

दुकानापर्यंतच्या वाटेत थोरल्यांनी मनात सामानाची बांधाबांधही करून टाकली. पुस्तकं न्यायची की ठेवायची एवढाच प्रश्न उरला होता. मॅडमच्या मागोमाग, मान खाली घालून ते आत शिरले. फळीपाशी धाकटे उभे होते, हात झटकत, शीळ घालत.

"वा!" मॅडम म्हणाल्या.

थोरल्यांनी मान वर केली. नजरेच्या उंचीवर पिवळ्यांची रांग झळकत होती. निळ्याचा मागमूस नव्हता.

"किती उठून दिसतंय आपलं नवं पाकीट!" मॅडमनी एक पुडा उचलून त्यावरचं नाव वाचलं, थोरल्यांच्या कंपनीचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. तशी धाकट्यांची शीळ मध्येच बसली. त्यांनी पुड्याकडे पाहिलं, मग खालच्या फळीकडे, मग आपल्या हाताकडे.

"आणि हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"घरचेच आहेत," काकू गल्ल्यावरून म्हणाल्या. "यांचे साडू. दोघं मिळून माझी फळी सांभाळतात."

"छान. मग इथला माणूस हलवण्यात अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या दुकानाकडे निघाल्या.

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले. बायका आत होत्या. दोघे साडू वर्तमानपत्राचं एकेक पान तोंडासमोर धरून बसले होते. शेवटी थोरल्यांनीच पान खाली केलं.

"शुक्रवारी तुम्ही ते..."

"मुद्दाम केलं," धाकटे घाईघाईने म्हणाले. "तुमची बदली झाली असती तर सासूबाईंना रोज चालवायचं कुणी? आमची बायको दुपारी बाराशिवाय उठत नाही. सगळा विचार केला मी."

"पण बदलीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

धाकट्यांनी वर्तमानपत्र उलटसुलट केलं. "नंतर... म्हणजे आधी. काकूंनी."

मॅडम येईपर्यंत काकूंना बदलीचं ठाऊकच नव्हतं. हे थोरल्यांच्या ओठांवर आलं होतं. मोठी संधी होती. या एका वाक्यावर पुढची पाच वर्षं धाकट्यांना बाजारभर चिडवता आलं असतं. पण धाकट्यांचे कान लाल झाले होते, आणि आतून सासूबाईंच्या काठीचा ठकठक आवाज येत होता, त्याच्यासोबत बायकोचा: "टाक पाऊल, आई, अजून एक."

"उपकार झाले हो," थोरले म्हणाले. "दुसरा कुणी असता तर त्याला सुचलं नसतं."

"साडू म्हणवतो ना तुमचा!" धाकट्यांची छाती दोन बोटं फुगली.

हात धुवायला थोरले न्हाणीघरात गेले. आज दोन्ही जावई असूनही पुडे पलंगाखाली गेले नव्हते. आता दोन्ही पिवळे, ओळखायचे कसे, म्हणून सासूबाईंनी नाद सोडला असावा. पुढचा पुडा पाहून हात सवयीने उठला. थोरल्यांनी तो हवेतच थांबवला, खिशातून चष्मा काढला, दोन्हींवरची बारीक अक्षरं नीट वाचली. पुढचा त्यांच्याच कंपनीचा होता. त्यांनी तो अलगद मागे ठेवला आणि धाकट्यांचा पुढे घेतला.

"थोरले, आत काय करताय एवढा वेळ?" सासूबाईंनी बाहेरून हाक मारली. "पानं वाढलीत!"

"आलो. पिवळं जरा पुढे घेत होतो."

"कुणाचं पिवळं?"

"घरातलंच," थोरले म्हणाले आणि चष्मा पुसत बाहेर आले.