तारेवरचं ग्रीस

रिद्धीने तोंड मिटून घेतलं. तिच्या आईच्या, उत्कर्षाच्या, बोटांत दूधभाताचा घास तसाच राहिला. बाहेर शेवग्याच्या फांदीला टांगलेल्या बाटलीपाशी एकही चिमणी नव्हती. खार मात्र तारेला उलटी लोंबकळत, पुढच्या पायांनी बाजरी ओढून ओढून खात होती.

"चिऊ नाय," म्हणून रिद्धीने मान फिरवली.

न्यूमोनियातून उठल्यापासून या साडेतीन वर्षांच्या पोरीचं अन्नावरचं मनच उडालं होतं. घास गालात धरून बसायची, नाहीतर ओकून टाकायची. वजनकाट्यावरचा आकडा हलेना, तेव्हा बोईसरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्याच आठवड्यात उत्कर्षाने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पाखरांना बसायला आरपार दोन लाकडी चमचे खोचले, दाणे भरले आणि तारेने बाटली परसात टांगली. चिमण्या आल्या. मागून मुनिया आल्या. 'हा घास चिऊचा' म्हणताना समोर खरीखुरी चिऊ दाणा टिपताना दिसली की रिद्धी आ करायची. उत्कर्षाने सगळे देव पाण्यात घालून पाहिले होते. पावल्या त्या चिमण्या.

आणि मग ही खार उपटली. ती आली की चिमण्या भुर्र, आणि रिद्धीचं तोंड बंद.

उत्कर्षाने टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. बाटलीच्या वर पातेल्याचं झाकण अडकवलं, तर खार झाकणावरच ऐटीत बसली. दाण्यांत तिखट मिसळलं. खार शिंकली आणि पुन्हा खाऊ लागली. ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेली घरमालकीण शकूमावशी हे सगळं बघून पोट धरून हसायची. ती मूळची किनाऱ्यावरच्या एडवणची, इथे सालवडात सून म्हणून आलेली. तिची जीभ तिखट, पण रिद्धीवर जीव.

"काय गो, ती खार तुजी सवत हाय काय? सकाळपासून तिच्याच मागं लागलीस."

ज्ञानेश तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होता. बायकोचा हा रोजचा रडका पाढा ऐकून तो एकदा सहज म्हणाला की तारेला ग्रीस लाव, येईल कशी वर ते बघू. दुसऱ्या दिवशी श्रीखंडाच्या डब्यातून घेऊनही आला, घट्ट, काळपट, मशीनला लावायचं. उत्कर्षाचं काम नेहमी जरा जास्तच पक्कं. तिने तारेला लावलं, फांदीला लावलं आणि जिवाला स्वस्थता म्हणून खोडालाही हातभर थापलं.

खार चढली आणि घसरली. पुन्हा चढली, मध्येच गरगरत खाली आली. खिडकीत बसलेली रिद्धी खळखळून हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. चिमण्या निवांत दाणे टिपत राहिल्या आणि वाटी रिकामी झाली. उत्कर्षाने उदगीरला आईला फोन लावून वाटी रिकामी झाल्याचं दोनदा सांगितलं.

पुढच्या खेपेला काटा हलला. नळीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही.

त्यानंतर एका दुपारी उत्कर्षाला खार कुंपणाच्या भिंतीवर दिसली. अंगावरचे केस चिकटून त्यांच्या काळ्या वाती झाल्या होत्या. ती शेपूट तोंडाशी धरून चाटत होती, चाटतच होती. उत्कर्षाने प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती. खार अंग कशी साफ करते आणि पोटात काय जातं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती खिडकीपाशी थबकली. पण रिद्धीने आ केला होता. ती वळली आणि तिने घास भरवला.

दोन दिवसांनी सकाळी पाण्याच्या टाकीखाली खार मरून पडलेली दिसली. रिद्धी उठायच्या आत उत्कर्षाने ती फावड्यावर घेऊन मागच्या गवतात पुरली.

दुपारी न्हाणीच्या पत्र्याखालून बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. शकूमावशीने स्टुलावर चढून हात घातला आणि घरटं खाली काढलं. काथ्या, चिंध्या, मध्ये रिद्धीच्या हरवलेल्या मोज्याची पिवळी लोकर. त्यात तीन पिल्लं, डोळे न उघडलेली.

"दूदपिती हायत," मावशी हळू म्हणाली.

"मावशी, यांच्या आईला मी मारलं."

मावशीने घरटं उत्कर्षाच्या ओंजळीत ठेवलं. मग स्टूल भिंतीशी सरकवत म्हणाली, "तू तुज्या पोरीला जगवलंस, बाय. दोनी खरं हाय."

उत्कर्षाने कापसाची वात करून दुधात बुडवली. इवल्या ओठांना लावली, की दूध हनुवटीवरून ओघळून जायचं. तिने गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून त्यांच्याखाली ठेवली, खोलीतला पंखा बंद केला. ज्ञानेशने तिला जेवायला हाक मारली, मग तिचं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी एक गेलं. उजाडता उजाडता दुसरं.

तिसरं तिने हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. ज्ञानेश कामावर गेला. ऊन परसात उतरलं. मागच्या दाराच्या पायरीवर ती मूठ छातीशी धरून बसली होती. वात सुकून गेली होती. घरात शकूमावशी रिद्धीला भात कालवून देत होती.

"आई, मी खाल्लं," आतून रिद्धीने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "अजून दे."

इतक्या महिन्यांत पोरीने हे शब्द उच्चारले नव्हते. मावशीचा हात वाटीवरच थांबला. तिने दाराकडे पाहिलं, पण उत्कर्षाने मान वर केली नाही. मग मावशीच उठली आणि पातेल्यातून भात घेऊन आली.

मुठीत ऊब होती. ती आपल्याच हाताची आहे, हे उत्कर्षाला केव्हाच कळलं होतं. तरी तिने मूठ उघडली नाही.