अजून घट्ट

"हे कलम तुम्हाला कुणी घालायला सांगितलं?" वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

मेस्त्रींनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. "मीच सांगितलं. म्हणजे मशीनला. फोनवर असतं ना ते, सांगितलं की लिहून देतं."

"आणि हे? 'काम करण्यास असमर्थ ठरल्यास त्याने भागीदारी सोडली असे मानले जाईल'?"

"ते नाही हो सांगितलं. ते त्यानं आपणहून घातलं."

"मग वाचलं नाहीत?"

"वाचलं की. चांगलं भारदस्त वाटलं."

वकीलबाई हसल्या नाहीत.

सगळा जन्म पंप उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात गेलेला हा माणूस. दुकान भागीदाराच्या जागेत, हात मेस्त्रींचे. भागीदाराला सगळे शेठ म्हणत. माणूस तसा सरळ होता, पण त्याचे दोन पुतणे दिवसभर दुकानात रेंगाळत आणि मेस्त्रींच्या हातांकडे टक लावून बघत. हे उद्या काम शिकून समोरच दुकान टाकणार, या धास्तीनं मेस्त्रींची झोप उडाली होती. वकिलाकडे जावं तर शेठना वाटायचं, यांचा आपल्यावर विश्वास नाही. म्हणून मग लेकीला फोन घेऊन बसवलं. लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता तर अर्धी कामं तीच उरकायची.

मेस्त्री सांगत गेले, ती टाइप करत गेली. जो भागीदारी सोडेल त्यानं पंपाचं काम कुठे करायचं नाही. मशीननं लिहिलं. "त्याला सांग, अजून घट्ट कर." मग त्याच्या घरच्यांनीही करायचं नाही. "अजून घट्ट." मग हयातभर करायचं नाही. "बाबा, पुरे आता," लेक म्हणाली होती. पण मेस्त्रींना चेव चढला होता. नट नको तितका आवळला की आटे जातात, हे पोरीला शिकवणारा माणूस त्या संध्याकाळी स्वतःच पाना सोडायला तयार नव्हता. आणि मशीन तर कशालाच नाही म्हणत नव्हतं. शेठनी चहा पिता पिता सही ठोकली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, मेस्त्री."

आणि मग हा हात थरथरायला लागला.

आधी फक्त कपबशी वाजायची. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण पूर्वीसारखा होणार नाही. बायकोला हे ठाऊक होतं. लेकीला मेस्त्रींनी सांगितलं नव्हतं. तिला कळलं तर तिचा चेहरा बोलेल, आणि तो चेहरा शेठ रोज बघतात.

"कोर्टात हे टिकेलच असं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण ते ठरेपर्यंत वर्षं जातील. तोवर मुलीनं काय करायचं?"

"शेवटी एक कलम आहे ना, मॅडम? भांडण झालं तर पंच नेमून मिटवायचं. त्यात कायद्याचं नाव पण आहे."

"तोच तर मी शोधत होते. त्या नावाचा कायदाच नाही. तुमच्या मशीननं तो रचलाय." त्यांनी कागद मिटले. "शेठ तयार असतील तर नवा करार करता येईल. त्यांना सरळ विचारा."

सरळ विचारा! विचारायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे हा हात टेबलावर ठेवायचा. शेठ कदाचित पाठीवर थाप मारतील. पुतणे मात्र कागद काढतील. मेस्त्री जिना उतरले तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला होता. पोरीला दुसरं काही येत नाही, आणि तिच्या पायात बेडी घातली ती आपणच, हे त्यांना धड गिळता येईना की कुणाला सांगता येईना.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या तळघरातला पंप बंद पडला. गिऱ्हाईक मोठं, म्हणून शेठही सोबत आले. कामासाठी वीज बंद केलेली. लेक खड्ड्यात उतरली, मेस्त्री काठावर बसले, हात खिशात घालून. शेठ त्यांच्या मागे उभे होते.

"बाबा, टॉर्च धरा ना. इथे काहीच दिसत नाहीये."

मेस्त्रींनी डाव्या हातानं टॉर्च काढली. पण डाव्या हातानं पाइप धरल्याशिवाय खड्ड्यावर वाकता येईना. शेवटी त्यांनी ती उजव्या हातात घेतली आणि श्वास रोखून धरला.

खड्ड्याच्या भिंतीवर उजेड नाचू लागला.

"हलवू नका हो, बाबा."

त्यांनी मनगट आवळलं. उजेड आणखीच थरथरला. लेकीनं वर पाहिलं. आधी टॉर्चकडे, मग बापाच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या शेठकडे. त्या करारातला शब्द न् शब्द तिनंच टाइप केला होता.

"सेल गेलेत तिचे," ती मोठ्यानं म्हणाली. "विझवा ती. मला हातानं कळतंय सगळं."

मेस्त्रींनी बटण दाबलं. गुडुप अंधार झाला. खाली पाना नटावर बसल्याचा आवाज आला.

"सेल तर मी कालच नवे घातले होते," मागून शेठ सावकाश म्हणाले.

मेस्त्रींनी हात पुन्हा मांडीखाली घातला आणि ते कान देऊन ऐकत राहिले. पाना फिरला, करकरला, पुन्हा फिरला. आणि जिथे थांबायला हवा, नेमका तिथे थांबला.